न्यूयॉर्कमधले अंडरग्राउंड शो: खोली तर भरते, मग पैसे जातात कुठे?

रानजाई:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

मी न्यूयॉर्कला असतो, क्वीन्समधे. दिवसा ऑफिस आणि रात्री ड्रॅगमधे, म्हणजे बाईच्या वेषात, लावणी. नऊवारी, खोपा, पायात चाळ सगळं रीतसर, फक्त ढोलकीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक बीट असतो. जागा म्हणजे बुशविक, रिजवूड त्या बाजूचे बार, त्यांच्या मागच्या खोल्या, तळघरं, कधीमधी एखादं गोदाम.

नाचाबद्दल काही विचारायचं नाहीये, तो माझा जीव की प्राण आहे आणि तो मी करत राहणारच. विचारायचंय ते पैशाबद्दल. मागच्या शोला खोली खचाखच भरलेली, लोक खिडकीच्या कट्ट्यावर चढून बघतायत, बारपाशी पाय ठेवायला जागा नाही, आणि रात्री दोनला प्रोड्यूसरने माझ्या हातावर ठेवले ६० डॉलर. दौलतजादा झाली ती वेगळी, पण हल्ली खिशात नोटा असतात कुणाकडे, निम्मे लोक क्यूआर कोड विचारतात, फोटो काढतात आणि नंतर विसरतात. मेकअप आणि नेसणं धरून तयारीलाच संध्याकाळ जाते, आणि पहाटे तीनला खोपा-नथ घालून सबवेत एकट्याने बसायला मला भीती वाटते म्हणून गाडी करतो, ती गाडीच ३५ डॉलर खाते.

प्रोड्यूसर वाईट माणूस नाहीये, तोही काही कमावताना दिसत नाही. मग एवढी माणसं १५ डॉलर देऊन आत येतात, १४-१४ डॉलरची ड्रिंक्स घेतात, ते सगळं जातं कुठे? मी ठरलेली नाइट (एका रात्रीचं मानधन) मागावी की तिकिटातला हिस्सा घ्यावा? आणि या शहरात कुणी फक्त यावर जगतं का? ज्यांना आतलं माहितीये त्यांनी प्लीज हातचं न राखता लिहा.

साउंडवाला:

मी अशाच खोल्यांमधे साउंड करतो त्यामुळे रात्रीच्या शेवटी काउंटरवर होणारा हिशोब जवळून बघायला मिळतो. तुमची मागची रात्र कागदावर मांडतो, आकडे अंदाजे आहेत पण गणित असंच असतं.

समजा खोलीत ६० माणसं आहेत. त्यातली १५ गेस्ट लिस्टवर, म्हणजे परफॉर्मर्सचे मित्र, दुसऱ्या शोचे प्रोड्यूसर, बारवाल्याच्या ओळखीचे. तिकीट काढलेली राहिली ४५, १५ डॉलरप्रमाणे झाले ६७५. त्यातून आधी साउंडचे १५० आणि दारावर बसणाऱ्याचे १०० जातात कारण ते डील ठरायच्या आधीच ठरलेले असतात. उरले ४२५. सत्तर-तीसची डील असेल (सत्तर टक्के शोला, तीस बारला) तर शोच्या बाजूला येतात साधारण २९७. पाच परफॉर्मर आणि एक प्रोड्यूसर असे सहा वाटे केले की माणशी पन्नास सुद्धा पडत नाहीत. तुम्हाला ६० मिळाले म्हणजे बहुतेक प्रोड्यूसरने स्वतःचा वाटा कमी घेतलाय. कुणीही कुणाला फसवलेलं नाहीये, आणि तरी तुमची रात्र फुकट गेलीये.

आता १४ डॉलरच्या ड्रिंकचं. बारचा धंदा दारूचा आहे, शोचा नाही, शो हा लोकांना आत आणून थांबवून ठेवायचा मार्ग आहे. भाडं चोवीस तासांचं भरायचं आणि कमाई संध्याकाळी सातनंतरची. त्यात विमा, बारटेंडर, सिक्युरिटी, गाण्यांच्या हक्कांचे ॲस्कॅप आणि बीएमआय या संस्थांना जाणारे पैसे (तुम्ही ज्या गाण्यावर ओठ हलवता त्याचे पण, ते जागेने भरायचे असतात). आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लिकर लायसन. न्यूयॉर्क राज्यात शाळेपासून किंवा प्रार्थनास्थळापासून २०० फुटांच्या आत असाल तर फुल बारचं लायसन मिळायची मारामार, आणि ५०० फुटांच्या आत आधीच तीन किंवा जास्त बार असतील तर वेगळी सुनावणी, तिथे दाखवावं लागतं की आणखी एक बार लोकांच्या हिताचा आहे. शिवाय अर्जाच्या ३० दिवस आधी कम्युनिटी बोर्डाला (त्या भागातल्या नागरिकांची समिती) नोटीस, तिथे शेजारी येऊन आवाजाबद्दल भांडणार. त्यामुळे जिथे आधीच लायसन आहे आणि रात्री चारपर्यंत दारू विकता येते अशी जागा सोन्याच्या भावाने जाते. तो भाव घरमालकाच्या खिशात जातो. परफॉर्मरपर्यंत पैसा पोचायच्या आधीच तो जमिनीत मुरलेला असतो असं मला इतक्या वर्षांत दिसलंय.

म्हणून डील करताना एकच प्रश्न विचारायचा: माझ्यामुळे बारला जादा काय मिळालं? शनिवारी तो बार तुमच्याशिवाय पण भरणार आहे, त्यामुळे शनिवारी तुम्ही कितीही गाजलात तरी मालकाच्या दृष्टीने तुमची किंमत कमी. मंगळवारी तिथे आठ माणसं बसलेली असतात, तुमच्यामुळे ती पन्नास झाली तर बेचाळीस जणांची दारू तुमच्या नावावर आहे. सगळे नवीन लोक शनिवार मागतात, मी म्हणेन मंगळवार मागा आणि तिकिटाऐवजी गल्ल्यातली टक्केवारी मागा.

आणि 'बार मिनिमम'वाली डील कुणी दिली तर लांब राहा. म्हणजे अमुक इतकी विक्री झाली नाही तर फरक प्रोड्यूसरने भरायचा. पाऊस पडला, ट्रेन बंद पडली की शो करणारा खिशातून बारला पैसे देऊन घरी जातो. मी हे होताना पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

तिसरी घंटा:

रानजाई, आधी मनापासून शाबासकी. या शहरातल्या तळघरात कुणी चाळ बांधून उभं राहतंय हे वाचूनच बरं वाटलं रे.

मी कॅबरे आणि बर्लेस्क (थट्टेच्या अंगाने कपडे उतरवत केलेला नाच) करते, बरीच वर्षं झाली, आणि दिवसाची नोकरी सोडून हे करणाऱ्या थोड्या बायकांमधली एक आहे. साउंडवाल्यांचं गणित बरोबर आहे पण गल्ल्यातली टक्केवारी मागा हे मला पटत नाही. गल्ला किती झाला हे तुम्हाला कोण दाखवणार? मशीनमधली स्लिप मागितली की चेहरे बदलतात. तिकीट निदान डोळ्यासमोर मोजता येतं. माझा नियम सरळ आहे, ठरलेली नाइट आधी, आणि तिकिटाचा हिस्सा त्याच्यावर गेला तर वरचा फरक पण माझा. दोन्हीपैकी जे जास्त असेल ते. इथे हे रोजचं आहे, मागायला लाजू नका.

आता "यावर जगतं का कुणी". जगतात, पण अंडरग्राउंड शोवर नाही. माझं भाडं कशातून जातं सांगते. खासगी पार्ट्या, नवऱ्या मुलींच्या लग्नाआधीच्या पार्ट्या, शनिवार-रविवारचे ब्रंच शो, कंपन्यांचे कार्यक्रम (जूनमधे प्राइडच्या महिन्यात ड्रॅगवाल्यांना एवढी बोलावणी येतात की तोच त्यांचा दिवाळीचा सीझन), मेकअप शिकवणं, दुसऱ्यांचे कपडे शिवून देणं. एका ब्रंचमधे जे मिळतं ते मागच्या खोलीतल्या कितीतरी रात्रींमधे मिळत नाही. पण ब्रंचवाले मला बोलावतात ते मागच्या खोलीत जे नवीन करून बघितलं त्यामुळेच. ती खोली म्हणजे आमची तालीम, आमचं शिक्षण, आणि ज्यांच्यासाठी हे करावंसं वाटतं ती माणसं तिथेच बसलेली असतात. त्यामुळे तिथे कमी पैशात काम करायचं की नाही हा माझा निर्णय असतो, पण किती कमी, त्याची एक रेघ मी आखून ठेवलीये, त्याखाली जात नाही.

ती रेघ अशी आखायची. घरातून निघाल्यापासून घरी येऊन पापण्या काढेपर्यंतचे सगळे तास धरायचे, स्टेजवरची सात मिनिटं नाही. तुझ्या बाबतीत नेसणं आणि खोपा धरून आठ-नऊ तास सहज होत असतील. पापण्या, गोंद, स्टॉकिंग्ज, पावडर हे प्रत्येक शोला संपतं. नऊवारीची इस्त्री, फाटलेला काठ, तुटलेले घुंगरू. येण्याजाण्याची गाडी. हा खर्च हातात रोख उरला नाही तर शो घ्यायचा नाही, आणि शो घेतला तर गाडीचे पैसे प्रोड्यूसरकडून वेगळे मागायचे. नाइटमधे धरायचे नाहीत, वेगळे. ड्रॅगमधे असलेल्या माणसाने पहाटे घरी सुखरूप पोचणं हा शोचाच खर्च आहे.

टिपांबद्दल. क्यूआर कोड स्वतःच्या फोनवर दाखवत बसू नकोस, मोठा छापून बारवर आणि दारावर लाव, आणि तुझं नाव पुकारणाऱ्याला सांग की गाणं सुरू व्हायच्या आधी कोड सांग, नंतर सांगून उपयोग नसतो कारण नंतर लोक ड्रिंक घ्यायला पळतात. नोटा वेचायला एक माणूस ठरव, तू घाम पुसत जमिनीवरून डॉलर वेचत बसलास की पुढच्याचा नंबर उशिरा सुरू होतो आणि सगळ्यांचा मूड जातो. त्या वेचणाऱ्याला पण वाटा दे.

आणि टीव्हीवरच्या ड्रॅग स्पर्धेतून आलेल्या क्वीन्स जेव्हा तुझ्याच स्टेजवर पाहुण्या म्हणून येतात तेव्हा त्यांची नाइट विचारू नकोस, उगाच झोप उडेल. बजेट एकच असतं, बहुतेक सगळं त्यांच्याकडे जातं, आणि शो उभा करणाऱ्या चार लोकल मुलांमधे उरलेलं वाटतात. मला याचा खरंच राग येतो. त्या मुलींचा राग नाही, त्यांनी मिळवलंय. राग येतो तो पोस्टरवर एक चेहरा विकून बाकीचे फुकटात मिळतील असं धरून चालणाऱ्यांचा.

जुनी पानं:

धागा आवडला. थोडं मागचं लिहितो, अवांतर वाटेल पण पैशाचं कोडं तिथूनच सुटतं.

न्यूयॉर्कमधे १९२६ पासून कॅबरे लॉ होता. खाणंपिणं विकणाऱ्या जागेत लोकांनी नाचायचं असेल तर वेगळं लायसन. तो आला तेव्हा हार्लेममधल्या जॅझ क्लबांवर सगळ्यांचा डोळा होता. १९४० पासून तर परफॉर्मरलाच पोलिसांकडून कार्ड काढावं लागायचं, बोटांचे ठसे देऊन, आणि ते काढून घेतलं की दारू मिळणाऱ्या क्लबमधे गाणं-वाजवणं बंद. जॅझ गायिका बिली हॉलिडेला अमली पदार्थांबद्दलच्या १९४७ च्या शिक्षेनंतर कार्ड मिळालं नाही, म्हणजे बघा, १९४८ मधे ती कार्नेगी हॉल भरवू शकत होती पण कोपऱ्यावरच्या क्लबमधे रोजची नाइट करू शकत नव्हती. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मधे गेलं आणि त्याची ऐन उमेदीतली वर्षं क्लबबाहेर गेली. रोजीरोटी ही रोजच्या क्लबमधेच होती, वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कॉन्सर्टमधे नाही, हे त्या कार्डवाल्यांना बरोबर माहीत होतं. कार्डं १९६७ मधे बंद झाली. नाचाच्या लायसनचा कायदा मात्र २०१७ पर्यंत टिकला! रद्द करताना असं दिसलं की शहरातल्या सुमारे २५,००० खाण्यापिण्याच्या जागांपैकी शंभराच्या आतबाहेर जागांकडेच ते लायसन होतं. बाकी ठिकाणी कुणी नाचलं तर मालकाला धाकधूक. झोनिंगमधे (कुठल्या भागात काय चालवता येतं याचे नियम) नाचावरची बंधनं त्यानंतर पण होती, ती २०२४ मधे बरीच सैल झाली.

याचा हिशोबाशी संबंध असा की जेव्हा लायसन महाग आणि दुर्मिळ असतं तेव्हा ज्याच्याकडे ते असतं तो भाव ठरवतो. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी दारूलाच हात लावला नाही. डीजे डेव्हिड मॅन्क्युसोने १९७० मधे ब्रॉडवेवरच्या स्वतःच्या राहत्या लॉफ्टमधे पार्ट्या सुरू केल्या, फक्त आमंत्रितांसाठी, दारू विकायची नाही, आत येतानाचे पैसे घ्यायचे आणि त्यातच खाणंपिणं द्यायचं. किंग स्ट्रीटवरच्या पॅरडाइज गराज या क्लबमधे पण दारू नव्हती, लोक डीजे लॅरी लेव्हॅनच्या संगीतासाठी पैसे देऊन यायचे. म्हणजे पैसा दारातून यायचा आणि संगीतावर खर्च व्हायचा. गराज १९८७ मधे बंद झालं तेव्हा जागेचा करार संपला होता. पंक रॉकचा क्लब सीबीजीबी १९७३ ते २००६, शेवट भाड्याच्या भांडणात. ब्रुकलिनमधे केंट अॅव्हेन्यूच्या परिसरातल्या डीआयवाय (कलावंतांनी स्वतःच चालवलेल्या) जागा, २८५ केंट, डेथ बाय ऑडिओ, ग्लासलँड्स, तिन्ही २०१४ या एकाच वर्षात गेल्या. २००५ मधे विल्यम्सबर्गचा नदीकाठ रीझोन झाला, म्हणजे तिथे राहत्या इमारतींना परवानगी मिळाली, टॉवर आले, त्यापुढे गोदामांच्या भाड्याचं काय झालं ते सांगायला नको. कलावंत एखाद्या भागाला नाव मिळवून देतात आणि त्या नावाची किंमत वाढल्यावर त्यांनाच आधी बाहेर पडावं लागतं. हा अन्याय आहे आणि मी त्याला दुसरं काही म्हणायला तयार नाही.

शहराने स्वतःच २०१९ मधे अहवाल काढला होता, न्यूयॉर्कच्या नाइटलाइफची उलाढाल ३५ अब्ज डॉलरच्या वर आणि जवळपास ३ लाख नोकऱ्या. ३५ अब्ज! आणि ज्याला बघायला लोक येतात त्याच्या हातात ६० डॉलर.

गोदामांबद्दल एक काळजीचं. २ डिसेंबर २०१६ ला ओकलंडच्या घोस्ट शिप गोदामात आग लागून ३६ जण गेले, सगळी आपल्यासारखीच, संगीताला आलेली. न्यूयॉर्कमधे ७५ किंवा जास्त माणसं जमवायची तर प्लेस ऑफ असेंब्लीचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे बाहेर पडायचे रस्ते, माणसांची मर्यादा हे सगळं तपासलेलं. हा खर्च जागेला जड जातो म्हणून अनेक जण टाळतात. तिकीट स्वस्त का आहे याचं उत्तर कधीकधी हेच असतं की दुसरा दरवाजाच नाही. साउंडचेकला गेलात की आधी मागचा दरवाजा उघडून बघा.

रानजाई:

काय लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं. तिसरी घंटा ताई, तुमच्या पद्धतीने तास मोजले आणि हादरलो.

अजून एक विचारतो. एका बारने मला दर दोन आठवड्यांनी रेसिडेन्सी दिली होती, २२५ डॉलर नाइट ठरली होती, चार शो झाले आणि चारही वेळा "अकाउंटंटकडे पाठवलंय" म्हणाले. शेवटचा शो होऊन दीड महिना झाला. नाव लिहीत नाही. लेखी करार नाही पण टेक्स्ट मेसेज आहेत, तारीख आणि रक्कम दोन्ही त्यात आहे. याचं काही होऊ शकतं का, की सोडून द्यायचं? दुसऱ्या जागांमधे वाईट नाव होईल याची पण भीती वाटते.

हिशोबनीस:

सोडून देऊ नका!! मी टॅक्सची कामं करते, माझ्याकडे परफॉर्मर क्लायंट बरेच आहेत.

न्यूयॉर्क शहरात फ्रीलान्स इझन्ट फ्री नावाचा कायदा आहे, १५ मे २०१७ पासून लागू. काम ८०० डॉलर किंवा जास्तीचं असेल तर लेखी करार देणं कामावर घेणाऱ्याची जबाबदारी, आणि पैसे मात्र रक्कम कितीही असली तरी ठरलेल्या तारखेला, तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत. आता तुमचा एक शो २२५ चा आहे म्हणून वाटेल की आपण लेखी कराराच्या अटीत बसत नाही. पण एकाच पार्टीबरोबरचं १२० दिवसांतलं काम एकत्र मोजतात, चार शोचे झाले ९००, म्हणजे बसता. उशीर झाला तर कोर्टात दुप्पट रक्कम मागता येते, आणि पैसे मागितले म्हणून तुमचे पुढचे शो काढून घेणं हे पण कायद्याने चालत नाही. मेसेज हा पुरावा आहे, सगळ्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, पोस्टर आणि शोचे व्हिडिओ पण. आधी एक शांत ईमेल: चार तारखा, चार रकमा, एकूण ९००, अमुक तारखेपर्यंत द्या, आणि खाली कायद्याचं नाव. त्यात शिव्या नाहीत, भावना नाहीत. नाही दिले तर शहराच्या कंझ्युमर अँड वर्कर प्रोटेक्शन खात्याकडे तक्रार, त्याला वकील लागत नाही.

आता दुसरी बाजू. टिपांसकट हे सगळं उत्पन्न आहे. १०९९ (पैसे देणाऱ्याने पाठवायचा टॅक्सचा फॉर्म) आला नाही म्हणून ते उत्पन्न नाही असं होत नाही. खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले की सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के लागतो, तो इन्कम टॅक्सच्या वेगळा, याने नवीन लोकांना फार धक्का बसतो. पण रोज रस्त्यावर घालता येणार नाही असा स्टेजचा पोशाख, स्टेजचा मेकअप, चाळ, गंगावन, गाणं मिक्स करून घेतल्याची फी हे सगळं खर्चात जातं, पावत्या जपा. तुमची दिवसाची नोकरी आहे त्यामुळे दर तिमाहीला वेगळा टॅक्स भरायच्या ऐवजी नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा तो फॉर्म) बदलून जादा कापून घ्या, सुटसुटीत पडतं.

आणि रोखीबद्दल अगदी कळकळीने सांगते. न्यूयॉर्कमधे घर भाड्याने घेताना बहुतेक मालक म्हणतात वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या ४० पट दाखवा. भाडं २,००० असेल तर ८०,००० कागदावर पाहिजेत. पूर्णवेळ परफॉर्म करणारी माझी एक क्लायंट रोखीत बऱ्यापैकी कमवायची, पण कागदावर तिचं अस्तित्वच नव्हतं. जामीनदार आणा म्हणाले, आणि जामीनदाराला बहुतेक ठिकाणी ८० पट दाखवावं लागतं. परफॉर्मर्ससाठी सवलतीच्या इमारती आहेत, उदाहरणार्थ ४३ व्या रस्त्यावरचा मॅनहॅटन प्लाझा, १९७७ पासूनचा, त्यातली बहुसंख्य घरं परफॉर्मिंग आर्ट्समधल्या लोकांसाठी आहेत. पण तिथे अर्ज करताना सुद्धा उत्पन्नाचे आणि कामाचे कागद लागतात. रोख लपवून टॅक्स वाचला असं वाटतं पण शहर राहायला जागा देताना तेच कागद मागतं.

नवा_गडी:

वाचतोय, भारी धागा. मी एच-वन-बी व्हिसावर आहे, जर्सी सिटीत राहतो, मोड्युलर सिंथ (सुटे भाग जोडून केलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो. एका शोवाल्यांनी विचारलंय, पैसे नाही पण टिपा मिळतील म्हणतायत. चालेल ना?

हिशोबनीस:

नाही. एच-वन-बी फक्त ज्या कंपनीने पिटिशन केलंय तिच्याच कामासाठी असतो, बाहेर एका डॉलरचं काम सुद्धा विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं, आणि टिपा म्हणजे पैसेच. ज्या कामाचे बाकीच्यांना पैसे मिळतात ते तुम्ही फुकट केलंत तरी प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे स्टेजवर चढायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, इथल्या कुणाच्या शब्दावर जाऊ नका, माझ्या पण नाही. एफ-वन व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनाही बाहेर पैशासाठी परफॉर्म करता येत नाही. एच-फोरवर (एच-वन-बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी (काम करायचा परवाना) असेल तर स्वतःचं काम करता येतं. आणि हेच पूर्णवेळ करायचं असेल तर कलावंतांसाठी ओ-वन-बी व्हिसा आहे, पण तो स्वतःचा स्वतः करता येत नाही, अमेरिकेतला एजंट किंवा एम्प्लॉयर लागतो, आणि तुमच्याबद्दल छापून आलेलं, मोठ्या कामांचे पुरावे असा गठ्ठा लागतो. आत्तापासून जमवायला लागा.

मजा म्हणून मित्राच्या घरी वाजवा, जरूर वाजवा.

साउंडवाला:

तिसरी घंटा यांचा मुद्दा मान्य, गल्ल्याचा आकडा दाखवत नाहीत हे खरंय. मग निदान एवढं करा, शोच्या आधी एक पानभर सेटलमेंट शीट प्रोड्यूसरकडून लिहून घ्या. किती तिकिटं विकली, गेस्ट लिस्टवर किती, आधी काय वजा होणार, टक्केवारी कशावर, गाडीचे पैसे कोण देणार, पैसे त्याच रात्री की नंतर. प्रोड्यूसरला पण ते आवडतं कारण तेच पान तो बारवाल्यासमोर धरू शकतो. गेस्ट लिस्ट दर परफॉर्मर दोन माणसं, त्यावर नाही. वरच्या उदाहरणात १५ ऐवजी १० जण फुकट असते तर ७५ डॉलर जादा आले असते, वजावट आधीच झालेली असल्यामुळे त्यातले बावन्नच्या वर सरळ तुमच्या बाजूला. पुरेसे नाहीत, पण एकाच्या गाडीचे पैसे निघतात.

तिसरी घंटा:

हे शीटचं मस्त आहे, मी पण वापरेन. दारूशिवायच्या पार्ट्यांचं जुनी पानं यांनी लिहिलं तेही डोक्यात घोळतंय. दुपारी रिकामा असलेला डान्स स्टुडिओ तासावर मिळतो, बारपेक्षा खूप स्वस्त. चहा ठेवू, तिकीट २० डॉलर, बार नाही म्हणजे मिनिमम नाही. रविवारी दुपारी लावणी बघायला या शहरात पन्नास माणसं येणार नाहीत असं मला वाटत नाही, आणि येणाऱ्याला रात्री तीनला घरी कसं जायचं याची चिंता पण नाही.

नाव खराब होण्याबद्दल: रानजाई, त्या बारमधे तुझ्या आधी कुणी रेसिडेन्सी केली होती ते शोध आणि त्यांना हळूच विचार की पैसे मिळाले का. माझा अंदाज आहे तू एकटा नसशील. तीन-चार जणांनी एकाच आठवड्यात तसाच ईमेल पाठवला तर बोलायची तऱ्हा बदलते, आणि कुणा एकावर बोट येत नाही.

रानजाई:

विचारलं. अजून दोघी निघाल्या, एकीचे तर उन्हाळ्यापासूनचे आहेत. ईमेलचा मसुदा आज रात्री करतोय, हिशोबनीस ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर एकदा नजर टाकाल का? आणि तिसरी घंटा ताई, स्टुडिओचं मी पक्कं धरतोय हां, ढोलकीवाला माझ्याकडे आहे.

हिशोबनीस:

पाठवा. तिघांच्या तारखा आणि रकमा वेगवेगळ्या लिहा, एकत्र बेरीज करू नका, प्रत्येकाचे ८०० आणि १२० दिवस स्वतंत्र मोजले जातात. त्या दोघींपैकी कुणाची रक्कम ८०० च्या खाली असली तरी वेळेवर पैसे मिळायचा हक्क तिला आहेच, आणि स्मॉल क्लेम्स कोर्ट (छोट्या रकमांचे दावे चालतात ते) पण आहे, तेही वकिलाशिवाय होतं.